दोरावरचं उत्तर

रघुवीररावांच्या दुकानात गिऱ्हाईक कधी उभं राहिलं नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की पिंपळवाडीच्या तोंडाशीच ते दुकान. निळ्या पाटीवर लिहिलेलं: 'सागरी साहित्य. विक्री, भाड्याने व शिक्षण.' काचेच्या कपाटात पाणबुड्याचा तांब्याचा टोप, रबरी पोशाख आणि शिशाच्या तळव्यांचे बूट. लढाई संपल्यावर लिलावात निघालेलं ते सामान रघुवीररावांनी उचललं, गोदीत पाणबुड्यांना कामं मिळतात असं ऐकून शिकवणीही काढली, आणि धंदा चालवला तो मात्र निव्वळ गोड बोलण्यावर. माणूस आत आला की आधी खुर्ची, मग पंख्याचं तोंड त्याच्याकडे, मग बशीसकट चहा. गळाची दोरी घ्यायला आलेल्यालासुद्धा, "या, बसा, गाव कुठलं आपलं?" दिवाळीला प्रत्येकाच्या घरी हातानं लिहिलेलं पत्र जाई. पत्रं कालिंदी लिही.

शिकवणीचं म्हणाल तर ती तीन धड्यांची. दोन दुकानातल्या बाकावर, तिसरा मागच्या विहिरीत. विहीर वाडीची होती. मलेरियाच्या कायद्यानं तिच्यावर लोखंडी झाकण आलं होतं, आणि झाकणातल्या दाराची एक किल्ली रघुवीररावांनी वाडीच्या पंचांना चहा पाजून पाजून मिळवली होती. "गिऱ्हाईकाला आपुलकी लागते, कालिंदीबाई," ते म्हणत. "बाकीचं पाणी शिकवतंच की."

पाण्यानं काय शिकवायचं आणि माणसानं काय, हे कालिंदीला ठाऊक होतं, कारण टोपाच्या पेटीत निघालेलं इंग्रजी पुस्तक त्या दुकानात तिनं एकटीनंच वाचलं होतं. शाळा सातवीत सुटलेली. आता वय छत्तीस, लग्न राहून गेलेलं, घरी पेन्शनीतले वडील आणि त्यांचा दमा. शब्दकोश मांडीवर घेऊन वर्षभर रोज दोन पानं, अशी तिनं ती पाणबुड्यांची विद्या उतरवून घेतली. ती आली होती पत्रं लिहायला, पण हळूहळू धडेही तीच देऊ लागली आणि विहिरीवर दोरही तीच धरू लागली. दोराच्या खुणा साध्या होत्या. वरून एक झटका म्हणजे 'ठीक आहेस का?' उत्तरादाखल एक म्हणजे 'ठीक आहे, थांबा,' मग विचारणारा वर असो की खाली. चार म्हणजे 'वर घ्या.' वरच्यानं दर दोन मिनिटांनी विचारायचं, आणि दोर उघड्या मुठीत धरायचा. खुंटीला बांधायचा नाही, हातमोजा घालायचा नाही. या वाक्याखाली पुस्तकात जाड रेघ होती.

सत्तावन्न सालच्या श्रावणात राजाराम आला. वरळीच्या बीडीडी चाळीतला, गोदीत हमाली करणारा, तिशीचा, हसरा. रघुवीररावांनी खुर्ची दिली, पंखा फिरवला.

"गाव कुठलं आपलं?"

राजारामनं गाव सांगितलं.

"अच्छा. आणि आडनाव?"

राजारामनं आडनावही सांगितलं. वर म्हणाला, "गेल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेतली आम्ही. आईसकट सगळे."

"हो का? छान, छान," रघुवीरराव म्हणाले. आवाज तसाच गोड होता. पंखा तसाच फिरत होता. फक्त चहा आला तो कोपऱ्यावरच्या हॉटेलातून, काचेच्या ग्लासात, आणि दुकानातल्या कपबश्या खुंट्यांवर टांगलेल्या राहिल्या. त्यानंतर 'आपलं'चं 'तुझं' झालं.

राजारामनं ग्लासाकडे पाहिलं, खुंट्यांकडे पाहिलं. "ग्लासात जास्त बसतो," म्हणाला, आणि चहा पिऊन टाकला.

असा विद्यार्थी कालिंदीला कधी मिळाला नव्हता. बाकीचे कपाटातला टोप डोक्यावर घालून बघायला उतावीळ. हा प्रश्न विचारी. हवा किती वेळ पुरते? नळीला पीळ पडला तर? गोदीत जहाजांच्या बुडाचं काम करणारा एक कंत्राटदार नवे पाणबुडे घेणार होता. दुकानाचं प्रमाणपत्र आणि त्याच्यासमोर एक उतरण एवढं जमलं, की राजारामच्या पाठीवरची पोती उतरणार होती. चाळीत बायको होती, शैला, आणि डिसेंबरात पाळणा हलायचा होता.

"खाली मी असणार," तो म्हणाला. "वर दोर कोण धरणार?"

"मी."

"मग झालं."

बाकाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये दोर. ती झटका देई, तो परत देई. तिच्या हातात धुतलेलं फडकं होतं, चौपदरी घडी केलेलं, आणि दोर त्या घडीत होता. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, तेच तर त्यातलं वाईट. तिनं मनाशी म्हटलं, काथ्या टोचतो. पण आदल्याच आठवड्यात वाडीतल्या हेरंबला धडा देताना तो टोचला नव्हता.

"हाताला काय झालं, बाई?"

"फोड आलेत."

दुसऱ्या धड्याला राजारामनं पिवळट मलमाची डबी आणली. "आमच्यात सगळे हेच लावतात. दोन दिवसांत कातडी धरते." डबी त्यानं बाकावर ठेवली, तिच्या हातात दिली नाही. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

विहिरीतल्या धड्यासाठी रघुवीररावांनी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचा दिवस निवडला. दुपारपासून वाडी ओस पडणार होती. पुरुष फाउंटनला निघाले, त्यांच्यामागून झेंडे घेऊन बायका, आणि देवाचं पाणी त्या विहिरीतून काढणाऱ्या राधाबाईसुद्धा लेकीच्या हाताला धरून चालू पडल्या. विहिरीत कोण उतरतंय हे पाहायला कुणी उरलं नाही. लांबून घोषणा येत होत्या.

"सगळे एक होणार म्हणतात, बाई," पोशाखाच्या नाड्या आवळून घेताना राजाराम म्हणाला. "बघू, विहिरीपर्यंत कधी पोचतंय."

रघुवीरराव हसले. मोकळेपणानं हसले, हे त्यांचं मानलं पाहिजे. टोप चढला, काच आवळली, आणि तो काळ्या पाण्यात गेला. पंपाच्या चाकावर रघुवीरराव, दोरावर कालिंदी, वाटीसारख्या वळलेल्या हातात चौपदरी फडकं. पहिल्या दोन मिनिटांनी तिनं एक झटका दिला. फडक्यातून काहीतरी लागलं. आलं असावं उत्तर.

तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली.

"आलोच," रघुवीरराव म्हणाले आणि चाक सोडून गेले.

दोर सोडून पंपाकडे जायचं नाही, असं पुस्तकात होतं. पंप सोडून गिऱ्हाईकाकडे जायचं नाही, हेही होतं. पण पुस्तक इंग्रजीत होतं आणि रघुवीररावांनी ते कधी उघडलं नव्हतं. कालिंदीला हाक मारता आली असती. गिऱ्हाईकासमोर ओरडायचं नाही हा दुकानाचा नियम तिच्या इतका अंगात मुरला होता, की तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. आतून ऐकू येत होतं, "बसा ना, घाई काय आहे. गाव कुठलं आपलं?"

तिनं झटका दिला. काही कळलं नाही. पुन्हा दिला. काही नाही. दोर आता मधूनमधून थरथरत होता की तिचाच हात, हे चार पदरांतून समजेना. फडकं बाजूला करायला एक क्षण पुरला असता. दोर ओला होता. राजारामच्या अंगावरून आलेलं पाणी त्यातून ठिबकत होतं. ती घड्याळाकडे बघत राहिली.

सोळा मिनिटांनी रघुवीरराव दोन गळ आणि एक जाळी विकून परत आले आणि थांबलेलं चाक पाहून पांढरे पडले. टोपात उरलेली हवा फार तर सात-आठ मिनिटं पुरते.

दोघांनी मिळून ओढलं. काच उघडली.

राजाराम डोळे मिचकावत बाहेर बघत होता. "झालं एवढ्यात?"

रघुवीररावांनी भिंतीचा आधार घेतला. कालिंदीच्या हातून फडकं खाली पडलं.

"बाई, तुम्ही होता म्हणून," तो बाहेर येऊन म्हणाला. त्याचे ओठ निळसर होते, पण आवाज झोपेतून उठल्यासारखा शांत. "हवा बंद झाली तसा मी घाबरलो. चार झटके दिले. तुमचा एक आला. ठीक आहे, थांब. म्हटलं, बाई आहेत. मग बुडाशी मांडी घालून बसलो. मधे मधे विचारत होतो, दर वेळी तुमचा एक यायचा. आठ-नऊ वेळा आला असेल." तो जरासा हसला. "बरं वाटत होतं. श्वास घ्यायचीसुद्धा आठवण राहिली नाही."

"पंप थोडा घरघरला होता," रघुवीरराव लगबगीनं म्हणाले. "बाकी काही नाही. हात पुस, राजाराम. प्रमाणपत्र तयार आहे."

हवा बंद झाल्यावर कालिंदीनं दोनदाच झटका दिला होता. तोही विचारायला. उत्तर तिनं एकदाही दिलं नव्हतं.

ती हिशेबी डोक्याची बाई होती. हवा कमी पडली की माणसाला भास होतात, असं पुस्तकात एक अख्खं पान होतं. ते तिनं पुन्हा वाचलं. दोर विहिरीच्या कडेला घासून हिसका बसतो का, हे पाहायला तिनं दुसऱ्या दिवशी दगडानं भरलेली बादली बुडवली आणि अर्धा तास उघड्या मुठीत दोर धरून उभी राहिली. काही नाही. पाणी स्वस्थ होतं. ती हायसं वाटून वळली, आणि वळताना, उगाच, जाता जाता, तिनं एक झटका दिला.

एक परत आला.

बादली वर काढली. दगड होते तसे होते.

गुरुवारी हेरंबचा विहिरीतला धडा. पंपावर या वेळी दोन माणसं, कालिंदी दोरावर, हात उघडा. दोन मिनिटं झाली, तिनं विचारलं. हेरंबचा एक आला, पोरकट, जोरकस. मग एक श्वास जाईल एवढा वेळ गेला आणि दुसरा आला. हळू, खोल, खूप लांबून. पुढच्या वेळीही तसंच. आणि त्याच्या पुढच्या वेळी.

"तू दर वेळी दोनदा का ओढत होतास रे?" तो वर आल्यावर तिनं विचारलं.

"छे! एकच, कालिंदीमावशी. तुम्हीच शिकवलंत ना?" मग तो म्हणाला, "विहीर केवढी खोल आहे हो! दोर माझ्याही खाली जातो."

दोर त्याच्या कमरेला बांधलेला होता. तिथंच तो संपत होता.

ही गोष्ट रघुवीररावांना सांगण्यात अर्थ नव्हता. सांगायची होती ती एकाच माणसाला, आणि तो पुढच्या सोमवारी आपण होऊन दुकानात आला. उद्या गोदीत उतरण होती. शैलानं पेढे दिले होते, पळसाच्या पानात बांधून.

"घ्या, बाई."

"आज माझा सोमवार आहे," कालिंदी म्हणाली.

"पेढा चालतो की उपासाला. माझ्या आईनं चाळीस वर्षं सोमवार केलेत. आता सोडले." तो हसत होता. डोळे मात्र हसत नव्हते. त्यानं पुडी टेबलाच्या कडेला ठेवली. "तिथं दोरावर नवखा माणूस असणार. पण आता मला भीती नाही. हवा गेली तरी एक आला की थांबायचं. धीर सोडायचा नाही. हे तुम्ही शिकवलंत. कुठल्या पुस्तकात नसेल."

हाच तो क्षण होता. तिला फक्त म्हणायचं होतं, थांबू नकोस. उत्तर मी दिलं नव्हतं. एक आला तरी थांबू नकोस, पट्टे तोड, वजनं टाक, वर ये. पण मग तो विचारणार, तुम्ही का नाही दिलंत? माझे चार तुम्हाला कळले कसे नाहीत? दोर तर तुमच्या हातात होता ना? आणि तिला फडक्याचं सांगावं लागणार. फोडांचं सांगावं लागणार. गल्ल्यावरून रघुवीरराव बघत होते, गोड.

"सांभाळून जा हो," कालिंदी म्हणाली.

"येतो, बाई."

पुडी संध्याकाळपर्यंत टेबलावर होती. मग मुंग्या लागल्या, म्हणून तिनं ती उचलून टाकली. दोन बोटांनी.

मंगळवारी अकराच्या सुमारास वडिलांना काढा देता देता तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. जशी होती तशी ती निघाली. सांगायचं, मग काय म्हणेल ते म्हणेल. भायखळ्यापर्यंत ट्राम, पुढं पायी. फाटकावरच्या शिपायाला तिनं दुकानाचं नाव सांगितलं आणि प्रमाणपत्रात चूक राहिलीय अशी थाप मारली.

धक्क्यावर तीस-चाळीस माणसं गोळा झाली होती. पंपाचं झाकण उघडं पडलेलं, आत एक दांडा मोडलेला. दोर कुशाबा नावाच्या म्हाताऱ्या खलाशाच्या हातात होता.

"किती वेळ झाला?" तिनं विचारलं.

"पंप मोडून तास झाला, बाई." त्यानं वळून पाहिलं. "पर जित्ता हाय. मी इचारतो, त्यो उत्तर देतो. चौघांनी वढला तर हलंना, कुठंतरी अडकलाय. दुसरा पाणबुड्या आणाय गेल्यात." मग तिच्याकडे नीट बघत म्हणाला, "तुमीच का त्या बाई? उतरताना तुमचंच नाव घेत हुता. म्हणला, उत्तर आलं की भ्यायचं नाय."

कालिंदीनं हात पुढे केला. कुशाबानं दोर दिला. तो ओला होता, शेवाळानं बुळबुळीत. तिनं तो उघड्या मुठीत घट्ट धरला आणि एक झटका दिला.

एक आला.

हळू, खोल, खूप लांबून. त्याच्या आधी यायला हवा होता तो पहिला, पोरकट म्हणा, माणसाचा म्हणा, तो आला नाही.

तिनं थांबून पुन्हा विचारलं. पुन्हा तो एकटाच आला.

मग तिनं चार दिले. वर ये.

बराच वेळ काही नाही. मग दोर तिच्या हातात एकदम हलका झाला, कुणी गाठ सोडावी तसा. लोकांनी ओढलं. तांब्याचा टोप पाण्याबाहेर आला.

काच उघडली. राजारामचे डोळे उघडे होते. चेहरा शांत, वाट बघणाऱ्याचा. अंग गार पडलेलं. गोदीचा डॉक्टर वाकला, हात लावला आणि उठला. "पाऊण तासापूर्वीच," एवढंच म्हणाला.

कालिंदी खाली बसली. "उत्तर मी दिलं नव्हतं," ती म्हणाली. त्याला म्हणाली. "मी फडक्यात धरला होता."

कुणाला काही कळलं नाही. कुशाबाला तर ऐकूही गेलं नव्हतं. तो राजारामच्या कमरेकडे बघत होता.

"गाठ मीच मारली हुती," तो पुटपुटला. "म्होरं ईतभर टोक उरलं हुतं."

गाठीच्या पुढे दोर होता. धक्क्याच्या कडेवरून तो खाली गेला होता, पाण्यात. ताणलेला.

सगळे दोन पावलं मागे सरले.

दोराला एक झटका बसला. राजारामचं अंग दगडावर बोटभर पाण्याकडे सरकलं.



कालिंदीनं घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली आणि पुन्हा एक. पुन्हा बोटभर.

खालून विचारत होते. ठीक आहात का.

विचारलं की वरच्यानं उत्तर द्यायचं असतं. चाळीस माणसांत त्या दोराला हात लावायला कुणी पुढे येईना. कालिंदी गुडघ्यांवर पुढे सरकली. तिनं गाठीच्या पलीकडचा दोर मुठीत घेतला आणि एक झटका दिला.

थोडा वेळ गेला.

मग खालून चार आले.

तिच्या शेजारी कुशाबा केव्हा येऊन उभा राहिला, तिला कळलं नाही. त्यानं दोर धरला. तीस वर्षं तो हे काम करत होता आणि त्याला एवढंच शिकवलेलं होतं, की चार आले की ओढायचं. तो ओढू लागला.

हातभर दोर वर आला. मग आणखी हातभर. कालिंदीच्या मुठीतून तो सरकत होता. ओला होता, पण गार नव्हता. कुणीतरी बराच वेळ हातात धरून ठेवल्यासारखा कोमट होता.